दुकानात प्लेयर कानाला लावून नेमकं काय कळतं?

अवनी_के
मागच्या खेपेला फसले, म्हणून या वेळी आधी विचारतेय.

फोनपासून वेगळा, फक्त ऐकण्यासाठीचा छोटा प्लेयर घ्यायचा आहे. मागच्या वेळी दुकानात तीन प्लेयर शेजारी शेजारी मांडलेले होते, तिन्हींवर तेच गाणं. दोन-दोन मिनिटं ऐकलं. तिसरा एकदम मोकळा, भरदार वाटला. घेऊन आले. रात्री सामसूम झाल्यावर कानात घातला तर गाणं सुरू व्हायच्या आधीच मागे बारीक सूंऽऽ. गाणं थांबवलं तरी दोन-तीन सेकंद सूं, मग टक्, मग शांतता. एकदा ते लक्षात आल्यावर मला गाणं ऐकूच येईना, नुसती सूंच ऐकू यायला लागली. खिशात बटण आपोआप दाबलं जायचं, ते वेगळंच.

तर दुकानात दहा मिनिटं मिळाली तर तुम्ही काय तपासाल? की दुकानात ऐकून बघणं हे नुसतं मनाचं समाधान?

बारक्या
दहा मिनिटं मिळतात तुम्हाला? मला दुसऱ्या मिनिटाला "पॅक करू ना सर?" येतं.

सर्किटवाला
तुमच्या बाबतीत दोन निरनिराळ्या गोष्टी झाल्यात.

पहिली, तिसरा भरदार का वाटला. बहुतेक तो बाकीच्या दोघांपेक्षा जरासा मोठ्याने वाजत होता. आवाज कमी असला की आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर मधल्या सुरांच्या मानाने दबलेले ऐकू येतात. आवाज वाढवला की ते वर येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. त्यामुळे तेच गाणं, तेच हेडफोन, आवाज चिमूटभर जास्त, की लगेच "भरदार". आणि एका प्लेयरचा २० म्हणजे दुसऱ्याचा २० नव्हे. आकडा बघून आवाज सारखा केला असेल तर तो सारखा झालेलाच नव्हता.

दुसरी, ती सूं. ती प्लेयरच्या आतल्या अँप्लिफायरची. गाण्याचा आवाज कमी-जास्त केला तरी ती बहुधा तेवढीच राहते. गाणं थांबल्यावर थोड्या वेळाने प्लेयर अँप्लिफायर बंद करतो, तेव्हाचा तो टक्. दुकानात एसी असतो, गर्दी असते, पलीकडे स्पीकर चालू असतात, त्यात ती बुडून जाते. शिवाय डेमोला पुष्कळदा मोठे हेडफोन लावलेले असतात, ते कमी संवेदनशील. कानात रुतणारे बारके इअरफोन लावले की सूं उघडी पडते.

म्हणून एकच सांगेन, आपले स्वतःचे इअरफोन न्या. आणि ऐकायला अगदी हळू आवाजाचं रेकॉर्डिंग घ्या. पूर्ण शांत फाइल मात्र नेऊ नका. नुसती शून्यं आली की काही प्लेयर स्वतःच आवाज तोडतात आणि परीक्षेत पहिले येतात.

मुग्धा_२
हे शेवटचं माहीत नव्हतं! वाचनखूण साठवली.

कानसेन
सर्किटवाला, "मोठा वाजला म्हणून चांगला वाटला" हे आता प्रत्येक धाग्यावर तोंडावर फेकायचं उत्तर झालंय. अर्धं खरं आहे, अर्धं सोयीचं.

मी दुकानात जाताना तीन रेकॉर्डिंग नेतो. एक, फक्त एकटा आवाज आणि मागे तंबोरा. तंबोऱ्याची तार छेडल्यानंतर ती विरते कशी, हे ऐकायचं. स्वस्तातला प्लेयर असेल तर विरण्याच्या शेवटच्या टोकाला तीच सूं येऊन बसते. दोन, मैफिलीतल्या टाळ्या. फाइल लहान करायला आवाज दाबून साठवतात, टाळ्यांच्या बाबतीत ते अवघड असतं. फाइलच वाईट असेल तर टाळ्यांचा पाऊस पडल्यासारखा होतो. म्हणजे दोष फाइलचा की प्लेयरचा, हे आधी आपल्यापुरतं मिटतं. आणि तीन, एकाच बैठकीचं रेकॉर्डिंग, पण दोन ट्रॅकमध्ये तोडलेलं. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये खड्डा पडतो का, ते पाहायचं. एमपीथ्री करताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी शांततेचा बारीक तुकडा जोडला जातो. चांगला प्लेयर तो तुकडा ओळखून गाळतो. बाकीच्यांच्यात ताना मध्येच शिंकतात.

ही तिसरी परीक्षा वीस सेकंदांची आहे आणि दुकानातला गोंगाट तिच्या आड येत नाही.

आणि हो, घरी ३०० ओहमचे, म्हणजे वाजवायला जास्त जोर लागणारे हेडफोन वापरत असाल तर तेच न्या. छोट्या प्लेयरला ते पेलत नाहीत. आवाज शेवटच्या टोकाला नेला तरी गाणं दुसऱ्या खोलीत चालल्यासारखं वाटतं.

सर्किटवाला
खड्ड्याच्या परीक्षेला पूर्ण अनुमोदन. बाकी तंबोऱ्याचं विरणं तुम्ही प्लेयरवरचं नाव न बघता ओळखून दाखवा, मी सदस्यनाम बदलीन.

कानसेन
नाव काय ठेवाल ते आत्ताच ठरवून ठेवा.

बारक्या
"शॉर्टसर्किटवाला" मोकळं आहे का बघतो.

काउंटरमागचा
बरीच वर्षं वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय. सात वर्षं अशाच काउंटरच्या मागे काढली आहेत, म्हणून आतल्या बाजूचं सांगतो.

डेमो पीसवर आधीच कोणीतरी इक्वलायझर (खर्ज, वरचे सूर कमी-जास्त करायची सोय) लावून ठेवलेला असतो. कधी आम्ही, कधी कंपनीचा माणूस, कधी सकाळी येऊन गेलेलं कॉलेजचं टोळकं. खर्ज वाढवलेला असतो हे दहात नऊ वेळा. पहिलं काम, सेटिंगमध्ये जाऊन सगळं सपाट करा. आवाजाला "मर्यादा" लावलेली असेल तर तीही बघा, नाहीतर चांगला प्लेयर उगाच बारीक आवाजाचा वाटून बाद होतो.

दुसरं, डेमो पीस दिवसभर चार्जिंगला लावलेला असतो. त्याच्या बॅटरीवरून काहीही ठरवू नका. आणि "हाच शेवटचा पीस आहे, कमी करून देतो" म्हटलं तरी घेऊ नका. हजार लोकांनी बटणं दाबलेली असतात.

तिसरं, त्याला चोरीची तार लावलेली असते. त्या तारेमुळे वजन कळत नाही, खिशात जातो का तेही कळत नाही. मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगायचो की खोका उघडून मागा. सील फोडायला दुकानदार कुरकुर करतो, पण घ्यायचं नक्की असेल आणि तसं स्पष्ट बोललात तर करतो. मग पैसे देण्याआधी तोच पीस चालवून पाहायचा. जॅक घालून हळूच फिरवायचा. एका कानाचा आवाज जात-येत असेल तर तिथेच परत.

अवनीताई, तुमच्या त्या सेल्समननेही बहुधा मुद्दाम फसवलं नसेल. त्यालाही ती सूं कधी ऐकू आलेली नसते. तिथे शांतता असतेच कधी?

मुग्धा_२
काउंटरमागचा, स्वागत! फार उपयोगी प्रतिसाद.

माझी भर: डेमो पीसमध्ये दहा-पंधरा गाणी असतात. त्यावर तो पळतोच. माझ्याकडे कार्डात जवळजवळ अठरा हजार फायली आहेत. घरी आणून कार्ड घातलं, तर "सूची तयार होत आहे" म्हणत प्लेयर पाऊण तास बसला, आणि त्यानंतर गायकांच्या यादीत नुसतं खाली सरकायचं तरी अडखळत. दुकानात हे कळलंच नसतं, कारण दुकानदार आपलं कार्ड घालू देत नाही. व्हायरसची भीती. त्याचंही चूक नाही म्हणा.

आता मी विचारते की यादीत जास्तीत जास्त किती फायली चालतात. कधी माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. आणि कार्ड कितीचं चालतं तेही. काही जुने प्लेयर फक्त ३२ जीबीपर्यंतची कार्डं ओळखतात. त्याहून मोठी कार्डं वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात, ती या जुन्यांना वाचता येत नाहीत.

निवांत
आणि ८ जीबीचा प्लेयर कॉम्प्युटरला लावला की ७.४५ दिसतो, तेव्हा कुणी चोरी झाली म्हणून दुकानात भांडायला जाऊ नका. मी गेलो होतो. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या. त्यातलं थोडं आतल्या सॉफ्टवेअरला लागतं ते निराळं.

जुना_खोडकर
अरे, तुम्ही सगळे आता दुकानात काय ऐकायचं म्हणून भांडताय. पहिला वॉकमन आला तेव्हा दुकानात ठेवून तो खपेचना.

१ जुलै १९७९. सोनीने तीस हजार नग तयार ठेवले आणि पहिल्या महिन्यात विकले गेले जेमतेम तीन हजार. रेकॉर्डिंग न करणारा टेपरेकॉर्डर म्हणजे काय, हे लोकांना कळेचना. खोक्याकडे बघून ते कळणारच नव्हतं. मग कंपनीने आपली माणसं वॉकमन लावून टोकियोच्या रस्त्यांवर फिरायला पाठवली. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कानाला हेडफोन लावायचे, बस. पत्रकारांनाही कार्यालयात न बसवता बसमध्ये घालून बागेत नेलं आणि एकेक वॉकमन हातात दिला. ऑगस्टअखेर सगळा माल संपला.

आणि त्या पहिल्या मॉडेलला हेडफोनच्या दोन खाचा होत्या! दोघांनी एकदम ऐकायचं. वर एक केशरी बटण. ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी होऊन माइकमधून एकमेकांशी बोलता यायचं. आता दुकानात नवरा-बायको एकच प्लेयर आळीपाळीने कानाला लावून "तुला कसा वाटतोय?" करत उभे असतात. तेव्हाचा बरा होता.

बारक्या
खोडकरकाका, दोन खाचा असत्या तर आमच्या घरी भांडणं वाढली असती. आत्ता निदान एकजण गप्प असतो.

अबोली
एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून आश्चर्य वाटलं. देवनागरी!

आपल्या गाण्यांची नावं मराठीत असतील तर ती पडद्यावर कशी दिसतात हे दुकानात बघाच. तीन प्रकार पाहिलेत मी. एक, नुसते चौकोन किंवा प्रश्नचिन्हं. दोन, अगम्य चिन्हं. म्हणजे फाइलमधली माहिती एका पद्धतीने लिहिलेली आणि प्लेयर वाचतोय दुसऱ्या. तीन, हा सगळ्यात छळवादी: अक्षरं दिसतात, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर, आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले. अक्षरं एकापुढे एक मांडली की काम झालं, असं या प्लेयरला वाटतं. देवनागरीला अक्षरं जुळवून घडवावी लागतात, ते काम त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नसतंच.

"स्थिती" किंवा "किल्ली" असं नाव दिलेली एक फाइल न्या. कार्ड घालू देत नसतील तर भाषेच्या यादीत हिंदी किंवा मराठी आहे का ते बघा. असली तर बहुधा अक्षरं नीट येतात. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेयरमध्ये ही अडचण सहसा येत नाही.

जुन्या फायलींमध्ये आणखी एक गंमत. टॅगच्या, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या माहितीच्या, पहिल्या पद्धतीत गाण्याच्या नावाला फक्त ३० अक्षरांची जागा होती. त्यामुळे लांब नावं अर्ध्यात तुटलेली दिसली तर तो दोष प्लेयरचा नाही.

अवनी_के
अबोली, हे फारच कामाचं. खरं म्हणजे नावं दिसली नाहीत तरी चालेल, कारण प्लेयर बाबांसाठी आहे आणि त्यांना आता बारीक अक्षर वाचता येत नाही. भाषणं, नाटकांची जुनी ध्वनिमुद्रणं, कुणीकुणी वाचून दाखवलेली पुस्तकं, असं ऐकतात. एकेक फाइल तास-दीड तासाची.

सर्किटवाला
अहो ताई!! हे आधी सांगायचं ना.

कानसेन
आम्ही तंबोरा विरवत बसलो इथे.

वात्रट_वेताळ
धाग्याचं शीर्षक बदलून "बाबांना काय ऐकू येतं" ठेवा, आणि सगळे पहिल्यापासून सुरुवात करा. (गमतीने घ्या)

निवांत
मग सगळंच बदललं. आवाजाची प्रत मागे, दोन गोष्टी पुढे: बटणं, आणि जिथे थांबवलं तिथूनच पुन्हा सुरू होणं.

दुसरीची परीक्षा दुकानात करता येते, पण लोक अर्धवट करतात. मोठी फाइल लावून मध्यावर नेली, बंद केला, चालू केला, तिथूनच लागली, झालं असं समजतात. तेवढं पुष्कळ प्लेयर करतात. त्यानंतर दुसरी फाइल लावा, थोडी ऐका, आणि मग पहिलीवर परत या. आता ती मध्यापासून लागते की पहिल्यापासून? यात बहुतेक प्लेयर आपटतात. गाण्यांसाठी केलेला प्लेयर प्रत्येक फाइलची जागा लक्षात ठेवत नाही. पुस्तकं किंवा पॉडकास्ट यांच्यासाठी निराळा विभाग असेल तर तिथे ठेवतो. मग फायली त्याच विभागात टाकाव्या लागतात.

माझ्या आजीला दीड तासाच्या फाइलमध्ये रोज पहिली चाळीस मिनिटं पुढे ढकलत बसावं लागायचं. तिने शेवटी प्लेयर मला परत दिला. "तुझं यंत्र विसराळू आहे, मला माझा एक विसराळूपणा पुरे," म्हणाली.

जुना_खोडकर
आजींना दंडवत.

मुग्धा_२
बटणांबद्दल: डोळे मिटून चालवून बघा. खरंच मिटून. प्लेयर ओढणीखाली किंवा रुमालाखाली धरा आणि थांबवणे, पुढे, मागे, आवाज कमी, एवढं न बघता जमतंय का पाहा. स्पर्शपडदा असेल तर तिथेच संपलं. सगळी बटणं एकाच मापाची आणि सपाट असतील तरी अवघड. बाजूला सरकवायचं कुलूप हवं, म्हणजे खिशात दाबलं जाणार नाही.

मोठमोठ्या कंपन्याही इथे घसरल्यात. ॲपलने २००९ मध्ये जो आयपॉड शफल काढला त्याच्यावर गाणी पुढे-मागे करायची बटणंच नव्हती, सगळं इअरफोनच्या तारेवर. त्यामुळे साधा दुसरा इअरफोन लावला तर ना आवाज कमी-जास्त होई, ना गाणं पुढे जाई. पुढच्या वर्षी बटणं परत आली. पण त्याच शफलमध्ये एक चांगली सोयही होती, गाण्याचं नाव तो बोलून सांगायचा. पडदा नव्हताच ना.

अवनी_के
बोलून सांगणारं हे छान. तसं आता कुठे मिळतं का?

अबोली
अँड्रॉइडवाल्यांमध्ये पडदा वाचून दाखवायची सोय सेटिंगमध्ये असू शकते, पण ते स्पर्शपडद्यावर, म्हणजे पुन्हा तीच अडचण. अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तकं ऐकायचे वेगळे प्लेयर असतात, डेझी नावाच्या पद्धतीची पुस्तकं वाचणारे. त्यांची बटणं मोठी आणि उठावदार असतात, आणि तुम्ही कुठे आहात ते बोलून सांगतात. साध्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दिसणार नाहीत. अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे विचारा. तिथे हाताळूनही बघता येईल, आणि घाई करणारा सेल्समनही नसेल.

काउंटरमागचा
घाई करणारा सेल्समन :( घेतलं मनाला लावून.

वात्रट_वेताळ
कितीही तपासा, काही गोष्टी दुकानात कळतच नाहीत. मायक्रोसॉफ्टचा झून नावाचा प्लेयर आठवतोय का कुणाला? ३१ डिसेंबर २००८ ला ३० जीबीवाले झून एकाएकी गोठले. ते लीप वर्ष होतं आणि वर्षाचा ३६६ वा दिवस त्याच्या घड्याळाच्या कोडला पचेना, त्याच त्या फेऱ्यात अडकून बसलं. कंपनीने सांगितलेला उपाय काय, तर बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि उद्यापर्यंत थांबा. खरेच दुसऱ्या दिवशी चालू झाले.

तर अवनीताई, दुकानात गेल्यावर विचारा, "३१ डिसेंबरला चालतो का?"

बारक्या
हसून हसून पुरेवाट. सेल्समन म्हणेल, "मॅडम, त्या दिवशी दुकान बंद असतं."

चोखंदळ
इतका त्रास कशाला? दुकानात जाऊन बघायचं, मॉडेल नंबर लिहून घ्यायचा, घरी येऊन ऑनलाइन मागवायचं. नाही आवडलं तर परत. ऐकायला घरची शांतता मिळते ते वेगळं.

काउंटरमागचा
हे वाचून थोडं बोलतोच. तास-तास दाखवून, सगळे खोके उघडून, शेवटी मॉडेलचा फोटो काढून निघून जाणारे रोज यायचे. म्हणूनच तर दुकानदार सील फोडायला कुरकुर करतो. डेमो ठेवणंही परवडेना म्हणून आता काचेच्या कपाटात नुसता बंद प्लेयर ठेवतात. मग तुम्हीच म्हणता दुकानात काही कळत नाही.

चोखंदळ
गिऱ्हाइकाने दुकान जगवण्याचा मक्ता घेतलाय का? जिथे परत घेतात तिथून मी घेणार.

कानसेन
चोखंदळ, परत करण्याचं म्हणाल तर कानात घालायची वस्तू उघडली की बरेच ठिकाणी परत घेत नाहीत. प्लेयर घेतील एखाद वेळेस, त्याच्यासोबतचे इअरफोन नाही. आधी वाचून घ्या.

संपादक
दुकान विरुद्ध ऑनलाइन यावर जुना धागा आहे, तिथे जाऊन भांडा. इथे विषयावर या.

श्रवणा
मी श्रवणतपासणीच्या क्षेत्रात काम करते, म्हणून एक महत्त्वाचं.

अवनी, बाबांचा प्लेयर तुमच्या कानांनी निवडू नका. वयानुसार वरच्या पट्टीचे आवाज आधी कमी होतात. स, श, त, फ ही व्यंजनं त्याच पट्टीत असतात. त्यामुळे "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत" अशी तक्रार सुरू होते. तुम्हाला जो प्लेयर भरदार वाटेल, खर्ज जास्त असलेला, त्यावर त्यांना बोलणं आणखीच गढूळ ऐकू येईल. त्यांना घेऊन जा, आणि गाणं लावू नका. त्यांचंच एखादं भाषण लावा, शक्यतो त्यांनी आधी न ऐकलेलं. पाठ असलेलं सगळ्यांनाच स्पष्ट ऐकू येतं! दोन मिनिटांनी विचारा, काय म्हणाला तो. गती थोडी कमी करायची सोय असेल तर तीही लावून बघा, आवाज मोठा करण्यापेक्षा तिचाच जास्त उपयोग होतो कधीकधी.

दुकानाच्या गोंगाटात ठरवलेला आवाज घरी तसाच ठेवू नका, एवढं लक्षात असू द्या. गोंगाटावर मात करायला आपण नकळत खूप वाढवतो. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) यांनी मिळून या यंत्रांसाठी मानक काढलं. मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८३ ला २० तास. बाबा दिवसभर ऐकत असतील तर हा हिशोब लागतो.

आणि ते श्रवणयंत्र वापरतात का? वापरत असतील तर कानात घालायचे इअरफोन बादच. कानावरून बसणारे हेडफोन किंवा छोटा स्पीकर असलेला प्लेयर बघा.

अवनी_के
नाही, श्रवणयंत्र नाही. पण "शब्द कळत नाहीत" हे वाक्य ते रोज टीव्हीला उद्देशून म्हणतात. मी आपलं त्यांना आवाज वाढवून देत होते. शनिवारी त्यांना घेऊनच जाते.

सर्किटवाला
श्रवणाताई, उत्तम. अवांतर होईल, पण ब्लूटूथचा विचार असेल तर एक: ब्लूटूथवर ऐकलं की आवाज घडवायचं काम हेडफोनच्या आत होतं, प्लेयर फक्त डिजिटल स्वरूपात आवाज पोचवतो. म्हणजे तारेच्या जॅकला जी सूं असते ती तिथे नसते, आणि मग प्लेयरच्या आवाजाची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. पण दुकानात ब्लूटूथ तुटक वाजला म्हणून तोही बाद करू नका. तिथे पन्नास यंत्रं एकाच लहरपट्ट्यात ओरडत असतात. बाबांसाठी मात्र मी तारच सुचवीन. हेडफोनचं चार्जिंग, पुन्हा जोडणं, हे कोण करणार?

जुना_खोडकर
मी सत्तरीत आहे आणि करतो. तार सुचवायला हरकत नाही, कारण चुकीचं देऊ नको.

सर्किटवाला
काका, माफी. तार पायात अडकत नाही ना तेवढं बघा म्हणतो.

अवनी_के
(शनिवार, रात्री)

जाऊन आलो. वृत्तांत.

पहिल्या दुकानात सगळे काचेआड, बंद. काउंटरमागचा यांनी लिहिलं होतं तसंच. दुसऱ्या दुकानात पाच मॉडेल, त्यातले तीन तारेला बांधलेले. मी इक्वलायझर सपाट करायला गेले तर सेल्समन म्हणाला, "अरे, हे इथे असतं होय?"

बाबांनी आवाज ऐकायच्या आधीच दोन बाजूला सारले. एक स्पर्शपडद्याचा, आणि एकाचं बटण दाबलं की काही कळतच नव्हतं, दाबलं गेलं की नाही. उरलेल्यांवर भाषण लावलं. कार्ड घालू देईना, पण यूएसबीने दोन फायली टाकून दिल्या, तेवढं केलं बिचाऱ्याने. बाबांनी डोळे मिटले, रुमाल-बिमाल काही न घेता, आणि बटणं चाचपत बसले. मग सेल्समनला म्हणाले, "आता तुम्ही डोळे मिटा आणि आवाज कमी करून दाखवा." त्याने केलं. चुकला. हसायला लागला. मग त्यालाच चेव आला, त्याने आतून आणखी एक जुना मॉडेल शोधून आणला, जो बाहेर मांडलेलाच नव्हता. जाडसर, छोटा पडदा, पाच उठावदार बटणं, बाजूला कुलूप. बाबांनी चार वेळा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "हा. हा टक् करतो."

निवांत यांची दोन फायलींची परीक्षा घेतली. पुस्तकांच्या विभागात टाकल्यावर पास. मग सील फोडून आमचा पीस तिथेच चालवला, जॅक फिरवून बघितला. इअरफोन घरचेच लावले होते. सूं आहे, बारीक आहे. मला ऐकू येते. बाबांना अजिबात येत नाही.

श्रवणा
वा! आणि शब्द?

अवनी_के
"या माणसाला आधी मी उगाच नावं ठेवत होतो," म्हणाले. कोणत्या वक्त्याबद्दल ते सांगत नाही :)

कानसेन
तंबोऱ्याची तार नाही ऐकवलीत शेवटी.

काउंटरमागचा
आतून जुना मॉडेल आणणारा तो मुलगा चांगला दिसतो. त्याचं नाव विचारून ठेवा, पुढच्या वेळी त्याच्याकडेच जा.

अवनी_के
(सोमवार)

एक अडचण. बाबांच्या एका पुस्तकाचे ४२ भाग आहेत. फायलींची नावं भाग १, भाग २ अशी. प्लेयर पहिल्यानंतर दहावा लावतो, मग अकरावा, बारावा... एकोणिसाव्यानंतर दुसरा. बाबा म्हणतात, गोष्टीतला म्हातारा आधी मेला आणि मग त्याचं लग्न झालं.

अबोली
अरे देवा! हे सांगायला आम्ही सगळेच विसरलो. तो नावं अक्षरांसारखी लावतोय, आकड्यांसारखी नाही. भाग ०१, भाग ०२ अशी नावं करा. शंभराच्या वर जाणार असतील तर ००१ पासून.

मुग्धा_२
आणि नावं बदलूनही क्रम तसाच राहिला तर सगळ्या फायली काढून पुन्हा क्रमाने एकेक टाका. काही प्लेयर नाव बघतच नाहीत, ज्या क्रमाने टाकल्या त्या क्रमाने वाजवतात.

अवनी_के
एकूण २१४ फायली आहेत.

सर्किटवाला
कॉम्प्युटरवर एकदम नावं बदलायची छोटी प्रोग्राम मिळतात, दोन मिनिटांचं काम. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

अवनी_के
बाबांना विचारलं. म्हणाले, ते पुस्तक राहू दे तसंच, आता शेवट माहीत झालाय, तो म्हातारा असा का वागला ते कळत चाललंय. बाकीच्यांची बदल.